भूमिगत ते प्राध्यापक
बिल एअर्स आणि बर्नार्डिन डोर्न हे ‘वेदर अंडरग्राउंड’ या अमेरिकेतल्या जहाल डाव्या गटाचे म्होरके. व्हिएतनाम युद्धाविरोधात या गटाने थेट पेंटागॉनमध्ये बॉम्ब फोडला. त्याआधी, मार्च १९७०मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका घरात बॉम्ब बनवताना त्यांचेच तिघे साथी ठार झाले होते. भूमिगत झालेले एअर्स आणि डोर्न १९८०मध्ये शरण आले. गंमत अशी, की एफबीआयच्याच बेकायदा उद्योगांमुळे केंद्र सरकारचे खटले आधीच बारगळले होते! पुढे एअर्स शिकागोत शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक झाले. शाळासुधारणेसाठी सुमारे ४.९ कोटी डॉलर आणण्यात त्यांचा पुढाकार होता. त्या उपक्रमाच्या मंडळाचे अध्यक्ष होते बराक ओबामा. २००८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात ओबामांच्या विरोधकांनी हीच ओळख उगाळली. या दांपत्याने वाढवलेले चेसा बुडीन २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य सरकारी वकील म्हणून निवडून आले. २०२२मध्ये मतदारांनीच त्यांना पदावरून हटवले.