तेजाबाचा धूर घरात नको

आज आपण सोन्याचांदीबद्दल बोलणार आहोत, पण भावाबद्दल नाही. जुनं सोनं, जुनी चांदी शुद्ध करताना जो धूर निघतो, तो किती वाईट असतो आणि त्याला ओढून बाहेर काढणारी पेटी कशी असावी लागते, एवढंच आज समजून घेऊ.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी सराफाची दुकानं असतात. दुकानामागच्या खोलीत, भाड्यानं दिलेल्या घरात, कधी राहत्या घराच्या पडवीत हे काम चालू शकतं. काम करणारा बाप्या माणूस असला, तरी त्याच घरात स्वयंपाक होतो, लेकरं खेळतात, बाळाची झोळी बांधलेली असते. शेजारची भिंत आपलीच असते.

सोनंचांदी शुद्ध करण्याच्या कामाला गलाई म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातलं विटा आणि त्याच्या आसपासची खानापूर, आटपाडीकडची गावं या धंद्यासाठी नावाजलेली आहेत. दुष्काळी भाग, शेतीत पोट भरेना, म्हणून तिकडची माणसं हे कसब घेऊन देशभर पसरली. दूरदूरच्या राज्यांतल्या सराफ बाजारात आज मराठी बोलणारी गलाई कुटुंबं भेटतात. कसब मोठं आहे. पण या धंद्याचा धूर फुप्फुसावर जातो, हेही तितकंच खरं.

आता धूर येतो कुठून ते बघू. सोन्यात तांबं, चांदी मिसळलेली असते. ती वेगळी करायला सोनं आधी जास्तीच्या चांदीत वितळवतात, एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी असं. मग ते शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटीसारखं तळाशी उरतं. हे होताना भांड्यातून लालसर तपकिरी धूर उठतो. तोच आपला वैरी.

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो. गरम असतो तोवर वर चढतो, थंड झाला की खाली उतरतो आणि जमिनीलगत पसरतो. म्हणजे उभ्या माणसाला वाटतं धूर गेला, पण खाली बसलेल्या लेकराच्या नाकाशी तो असतो.

दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा धूर छातीत गेला की लगेच फार त्रास होईलच असं नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं आणि श्वास कोंडतो. जीव जाऊ शकतो. म्हणून "आता बरं आहे" यावर विसंबायचं नाही.

तेजाब नसलं तरी नुसत्या मुशीत दागिने वितळवण्याचाही धूर असतो. केडीएम दागिना हे नाव तुम्ही ऐकलंय. त्याच्या डागात कॅडमियम नावाचा धातू असतो. सोनं 1064 अंशाला वितळतं, चांदी 962 ला. कॅडमियम मात्र 767 अंशालाच उकळून वाफ होतं. म्हणजे सोनं पाणी व्हायच्या आधीच ते हवेत गेलेलं असतं. त्याची वाफ फुप्फुसाला आणि पुढं मूत्रपिंडाला घातक आहे. मोड द्यायला गेल्यावर दुकानदार डोळ्यांसमोर दागिना वितळवतो. वजनावर नजर ठेवा, पण मुशीवर वाकून उभं राहू नका.

बरं, उपाय म्हणून लोक काय करतात? नाकाला रुमाल, पदर, साधा मास्क बांधतात. त्यानं धूळ अडते, वायू अडत नाही. कुणी खिडकी उघडतात. वाऱ्याची दिशा उलटी असली की खिडकीतून धूर आतच येतो. चुलीपुढं बसलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. कुणी छताचा पंखा लावतात. त्यानं धूर जात नाही, खोलीभर फिरतो.

खरा उपाय एकच: धूर जिथं निघतो तिथंच त्याला धरायचा, नाकापर्यंत येण्याआधी ओढायचा आणि छताच्या वर सोडायचा. त्यासाठी धुराची पेटी लागते.

पेटी म्हणजे तीन बाजू, छत आणि तळ बंद असलेलं कपाट. पुढं वरखाली सरकणारी काच, तिच्याखाली हात जाईल एवढी फट. समजा पेटी तीन फूट रुंद आहे आणि काच एक फूट उघडी आहे. म्हणजे तोंड झालं तीन चौरस फूट. या तोंडातून हवा मिनिटाला साधारण 100 फूट वेगानं आत गेली पाहिजे. तीन गुणिले शंभर, म्हणजे मिनिटाला 300 घनफूट हवा. पंख्यावर तासाचे घनमीटर लिहिलेले असतात, त्या हिशोबानं सुमारे 510. काच दोन फूट वर केली की तोंड दुप्पट आणि ओढ निम्मी. म्हणून काच खालीच ठेवायची. फार जोराची ओढही बरी नाही. तोंडाशी भोवरे होतात आणि धूर बाहेर येतो.

स्वयंपाकघराचा भिंतीतला पंखा इथं पुरत नाही. पाइप जोडला की त्याची ओढ पार कमी होते. लागतो तो गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर, तोही प्लास्टिकचा आणि मोटार धुराच्या वाटेबाहेर असलेला. लोखंड, पत्रा तेजाबाचा धूर खाऊन टाकतो. म्हणून तेजाबाच्या पेटीला पीव्हीसीचं पान आणि पीव्हीसीचा पाइप. मुशीच्या भट्टीला मात्र प्लास्टिक चालत नाही, ते वितळेल. तिला पत्र्याचं वेगळं धुराडं हवं. दोन्ही कामं एका पेटीत करायची नाहीत.

ब्लोअर पाइपाच्या बाहेरच्या टोकाला बसवावा. मग पाइपाला कुठं फट पडली, तरी धूर घरात गळत नाही, उलट फटीतून हवा आत ओढली जाते. पाइपाचं तोंड छताच्या चांगलं वर, सरळ आभाळाकडं असावं. शेजारणीच्या खिडकीकडं, वाळवणाच्या बाजूला ते वळवलं, तर आपला धूर फक्त दुसऱ्याच्या घरी पाठवला. काही ठिकाणी धूर सोड्याच्या पाण्यातून धुऊन सोडतात. त्यानं धूर कमी होतो, पण सगळा विरत नाही. उंच पाइप तरीही लागतोच.

पेटी चालते की नाही, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. काम सुरू नसताना ब्लोअर लावा, उदबत्ती पेटवा आणि पेटीच्या तोंडाशी डावीकडून उजवीकडं, वरून खाली फिरवा. धूर सगळीकडं आत ओढला गेला पाहिजे. एका कोपऱ्यात जरी बाहेर वळला, तरी पेटी नापास. छताचा पंखा बंद ठेवा. एखादं दार थोडं किलकिलं ठेवा; खोली घट्ट बंद असली तर ओढायला हवाच मिळत नाही. तेजाबाचं भांडं काठापासून निदान सहा इंच आत ठेवायचं. आणि डोकं कधीच आत घालायचं नाही.

आता आपल्याकडची अडचण: लाइट. लाइट गेली की ओढ थांबते, पण तेजाब थांबत नाही. तेव्हा लगेच गरम करणं बंद करून, काच खाली ओढून सगळ्यांनी बाहेर निघायचं. इन्व्हर्टर नसेल तर लोडशेडिंगच्या वेळेला काम सुरूच करू नये. आणि पेटी कितीही चांगली असली, तरी राहत्या घरात, लेकरं आणि गरोदर बाई असते तिथं हे काम नकोच.

वापरलेलं तेजाब नालीत, विहिरीजवळ, बोअरजवळ ओतायचं नाही. त्यात तांबं असतं. आपल्या तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते, नालीचं पाणी शेवटी तिकडंच जातं. पातळ करायची वेळ आली तर तेजाब हळूहळू पाण्यात घालतात. तेजाबात पाणी कधीच नाही, ते उसळतं. तेजाब विकण्यावरही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर ओळखपत्र आणि कारण नोंदवल्याशिवाय ते विकता येत नाही, आणि 18 वर्षांखालच्याला तर देताच येत नाही. म्हणून लेकराला बाटली आणायला पाठवू नका.

कुणाच्या छातीत धूर गेलाच, तर त्याला मोकळ्या हवेत आणा, बसवून ठेवा, चालायला लावू नका. 108 ला फोन करा आणि दवाखान्यात "नायट्रिक ॲसिडचा धूर" हे शब्द सांगा. बरं वाटलं तरी दोन दिवस लक्ष ठेवा. अंगावर तेजाब उडालं तर निदान वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद नाही, लिंबू नाही, सोडा नाही.

पुढच्या बैठकीत गटात हा विषय काढा. आपल्या गल्लीत असं काम चालत असेल तर भांडायला जाऊ नका. चारजणी मिळून जा, उदबत्ती सोबत न्या आणि म्हणा, दादा, आम्हाला पेटी दाखवा. पेटी नसेल तर ती बसेपर्यंत तेजाबाचं काम थांबवा म्हणा. धंदा त्यांचा आहे, पण हवा सगळ्यांची आहे.