बिलाच्या तळाशी काय लिहिलंय? बाहेर जेवायला जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय पोटाचा आहे आणि खिशाचाही. गेल्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की हॉटेलच्या बिलात ते दहा टक्के कसले असतात, द्यायचे का, नाही दिले तर भांडण होईल का. म्हणलं एकदा नीटच बोलू.

आधी आपल्या गावाचं सांगतो. सोलापूर हे गिरण्यांचं शहर. १८७७ मध्ये इथं जुनी गिरणी उभी राहिली, मग एकामागून एक आणखी गिरण्या आल्या. कामासाठी माणसं येतात तिथं खाणावळ ही चैन नसते, गरज असते. अजूनही आपल्याकडच्या चांगल्या खाणावळीत तुम्ही बसलात की ताट येतं, न मागता शेंगा चटणी येते, कांदा-लिंबू येतं, रस्सा संपत आला की वाढपी विचारतो, "आणू का अजून?" भाव बाहेर फळ्यावर लिहिलेला. जेवढा फळ्यावर, तेवढाच गल्ल्यावर. तिथं बिल वाचायचा प्रश्नच येत नाही, कारण वाचण्यासारखं काही नसतंच.

आता होटगी रोडला, विजापूर रोडला, जुळे सोलापुरात जी नवीन एसी हॉटेलं झालीत तिथं जा. खुर्च्या मऊ, लाईट मंद, मेनू जाडजूड. आणि बिल लांब. खाल्लेल्या पदार्थांची बेरीज संपते, आणि त्याच्या खाली आणखी तीन-चार ओळी असतात. आज मला त्या तीन-चार ओळींबद्दलच बोलायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाची बाजू घेतोय ते कळेल. हॉटेलवाल्यानं भाव किती ठेवावा हा त्याचा प्रश्न. शेंगा भाजीला चारशे लावा की. मी मेनू बघेन, परवडलं तर बसेन, नाहीतर उठून जाईन. पण नियम आणि पैसे, दोन्ही बसायच्या आधी कळले पाहिजेत. हात धुऊन झाल्यावर, बडीशेप तोंडात टाकल्यावर कळलेला आकडा मला मान्य नाही.

मेसला राहिलेल्यांना हे पटकन कळेल. मी ज्या मेसला जेवायचो तिथल्या काकू नियमांना भलत्याच कडक. चार दिवसांच्या आत खाडा धरायचा नाही. खाडा आदल्या रात्री सांगायचा, सकाळी सांगितला तर चालणार नाही. पाहुणा आणला तर त्याचे पैसे वेगळे. रविवारी संध्याकाळी मेस बंद. यातला एकही नियम आमच्या सोयीचा नव्हता! पण पहिल्या दिवशी पैसे घेण्याआधी त्यांनी सगळं तोंडी सांगितलं, वर भिंतीवर कागदही चिकटवलेला. दोन वर्षांत मी तिथं हिशेबावरून भांडण बघितलं नाही.

आता दहा टक्क्यांकडे येऊ.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ किंवा नुसतं ‘एस.सी.’ असं दिसतं तो कर नाही. सरकारच्या तिजोरीत त्यातला रुपया जात नाही. तो हॉटेल स्वतःसाठी घेतं. नाव असं आहे की माणसाला वाटतं हा कसलातरी टॅक्सच आहे, आणि टॅक्सला कोण नाही म्हणणार? ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं, म्हणजे सीसीपीएनं, मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. दुसऱ्या नावानं घ्यायचा नाही. गिऱ्हाईकावर बळजबरी करायची नाही, आणि हा ऐच्छिक आहे हे त्याला सांगायचं. देणार नाही म्हणून कुणाला आत यायला अडवायचं नाही. आणि जेवणाच्या रकमेत हा चार्ज मिसळून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही.

हॉटेलवाल्यांच्या दोन मोठ्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली आणि जवळपास पावणेतीन वर्षं सगळं लटकून राहिलं. मग २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला: सूचना योग्य आहेत, सर्व्हिस चार्ज सक्तीचा करता येणार नाही. वर दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा दंड. संघटनांनी पुढं खंडपीठाकडे अपील केलं, पण त्यामुळं एकल न्यायाधीशांचा निकाल आपोआप पुसला जात नाही.

आता हिशेब करू. समजा पाच मित्रांनी मिळून हजार रुपयांचं खाल्लं. पाच टक्के जीएसटी धरून बिल व्हायला पाहिजे १०५०. पण हॉटेलनं आधी दहा टक्के चार्ज लावला, झाले ११००. मग त्यावर पाच टक्के, म्हणजे ५५. एकूण ११५५. म्हणजे शंभर चार्जचे आणि वरचे पाच रुपये त्या चार्जवरच्या टॅक्सचे. पाच रुपये काहीच नाहीत, खरं आहे. पण जो पैसा सक्तीनं घ्यायचाच नव्हता, त्यावर टॅक्स पण आपणच भरलाय हे लक्षात घ्या.

हा प्रसंग माझ्याबाबतीत झालाय. हॉटेलचं नाव घेत नाही. मित्राला नोकरी लागली म्हणून आम्ही पाच जण गेलो होतो. बिलात एस.सी. दहा टक्के. मी म्हणलं, हे काढा. कॅप्टन म्हणाला, "सर, सिस्टीममधून निघत नाही." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून सांगतोय. मी म्हणलं, मग मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला, दोन मिनिटांत नवीन बिल आलं. सिस्टीममधून निघालं की!

पण मला जे लक्षात राहिलं ते पुढचं. आम्हाला वाढणारा पोरगा आमच्याच वयाचा होता. मित्रानं त्याला बाजूला विचारलं, "भाऊ, या दहा टक्क्यांतलं तुला किती मिळतं?" तो म्हणाला, "मला महिन्याचा पगार तेवढा मिळतो." संघटनांचं कोर्टातलं म्हणणं होतं की हा पैसा कर्मचाऱ्यांत वाटला जातो, अगदी स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतो. काही ठिकाणी पोचतही असेल. मोठ्या जुन्या हॉटेलांत युनियनशी तसे करार असतात. पण आपल्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या पोराला मिळतो की नाही, हे बिलावरून कळायला काही मार्ग नाही. म्हणून मी चार्ज काढायला लावतो आणि जे द्यायचं ते त्याच्या हातात देतो. रोख. आता सगळे क्यूआर स्कॅन करतात, खिशात दहाची नोटही नसते, त्यात टिप गेली बघा. जेवायला जाताना चार नोटा ठेवत जा.

आणि हो, चार्ज काढायला लावून टिपपण न देता निघणारे लोक मला आवडत नाहीत. ते ग्राहकहक्काचं नाव घेऊन पन्नास रुपये वाचवतात, बाकी काही नाही.

जीएसटीचं मात्र वेगळं आहे. तो खरा टॅक्स आहे, तिथं वाद घालू नका. फक्त किती आणि कुणी घ्यायचा ते माहीत पाहिजे. जुलै २०१७ मध्ये सुरुवातीला एसी हॉटेलला १८ टक्के आणि बिगर-एसीला १२ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला, एसी असो नसो, ५ टक्के. बिलात तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. १८ टक्के लागतो तो महागड्या लॉजिंगच्या हॉटेलात, जिथं खोलीचं एका दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं. तसं काही नसताना बिलात अठरा दिसले तर विचारा.

आणि ही गोष्ट फार लोकांना माहीत नाही. छोट्या हॉटेलवाल्यांसाठी कंपोझिशन नावाची योजना आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर त्यात जाता येतं. त्यात मालक आपल्या उलाढालीवर पाच टक्के स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाईकाकडून जीएसटी म्हणून वेगळा एक रुपयाही घेता येत नाही. तसा बोर्ड दुकानात दिसेल असा लावावा लागतो आणि बिलावरही तसं लिहावं लागतं. मग तिथं बिलात पाच टक्के लावलेले दिसले तर? मोबाईल काढा. बिलावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’ला तो टाका. मालक साधा करदाता आहे की कंपोझिशनवाला, ते लगेच दिसतं. नंबरच नसेल तर टॅक्स घेण्याचा प्रश्नच नाही.

पाण्याच्या बाटलीवर मात्र मी तुमची निराशा करणार आहे. ‘एमआरपीपेक्षा जास्त घेतले, मालकाला धडा शिकवला’ अशा रील तुम्ही बघितल्या असतील. दुकानात, टपरीवर, एसटी स्टँडच्या स्टॉलवर हे बरोबर आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण बसून जेवायच्या हॉटेलबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २०१७ ला सांगितलंय की तिथं बाटली जास्त भावानं देणं हा गुन्हा होत नाही. कारण तिथं तुम्ही नुसती बाटली घेत नाही. खुर्ची, एसी, वाढणारा माणूस, सगळं मिळून घेता. मला हा निकाल व्यक्तिशः पटत नाही. बाटली तीच, पाणी तेच, आणि ती खुर्ची मला जेवणाच्या भावात आधीच विकलेली असते. पण कायदा आज असा आहे. त्यामुळं बसल्या बसल्या "बॉटल की रेग्युलर?" असं विचारलं की न लाजता साधं पाणी मागा. हा प्रश्न असा विचारतात की साधं म्हणणारा कंजूष वाटावा. वाटू द्या. पण मालकाची बाजूही बघा. वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाला पाणी येणारं आपलं शहर आहे, तो टँकर विकत घेऊन ते जग भरत असतो.

आता पाट्यांबद्दल. ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’, ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’, ‘अनलिमिटेड थाळीचे पार्सल मिळणार नाही’. यावर कमेंटमध्ये लोक लई चिडतात. मी इथं मालकाकडून आहे. अनलिमिटेड ताटाचा भाव एका पोटाच्या हिशेबानं लावलेला असतो. दोघं जेवले तर तो बुडेल, किंवा रस्सा पातळ करेल. बाहेरच्या पदार्थांचंही तसंच. सिनेमागृहांबाबत सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ ला म्हणलं की ती खासगी जागा आहे, मालकाला बाहेरचं खाणं अडवता येतं. त्या सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं: कुणी जिलबी आणली आणि बोटं सीटला पुसली तर? पण त्याच वेळी पिण्याचं पाणी मोफत द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नका, हेही होतं. निकाल थिएटरचा आहे, पण त्यातला विचार हॉटेललाही लागू पडतो असं मला वाटतं.

वाढदिवसाचा केक हा तुमचा सगळ्यांचा लाडका वाद. केक बाहेरून आणला म्हणून दोनशे रुपये ‘केक कटिंग चार्ज’. टेबल बुक करताना फोनवर सांगितलं असेल तर द्या, त्याला टेबल पुसावं लागतं, क्रीम काढावं लागतं, सगळं खरं आहे. मेणबत्त्या विझल्यावर सांगितलं असेल तर देऊ नका. म्हणून बुकिंगच्या फोनवर तीनच प्रश्न विचारा: सर्व्हिस चार्ज लावता का, केक चालतो का, आणि आणखी काही वेगळं लागतं का. व्हॉट्सअॅपवर विचारलं तर उत्तम, उत्तर लेखी राहतं.

आणि सगळं करूनही बिलातून चार्ज काढलाच नाही तर? आवाज चढवू नका, वाढप्यावर तर अजिबात नाही, त्यानं सिस्टीम बनवलेली नाही. पैसे भरा, बिल घ्या, फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात, म्हणून फोटो तिथंच. मग १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलता येतं. सीसीपीएच्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. त्यापुढं आपल्या सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाईनही दाखल होते. शंभर रुपयांसाठी आयोगापर्यंत कोण जाईल, असं म्हणाल. १९१५ चा फोन मात्र घरी जाताना रिक्षातून होतो.

मोबाईलवरून मागवलेल्या जेवणाचं बिल, तिथले पॅकिंगचे पैसे आणि हॉटेलपेक्षा वाढलेले भाव, हे आज राहिलं. ते पुढच्या भागात. तोवर तुमच्याकडच्या एखाद्या बिलाचा फोटो पाठवा, हॉटेलचं नाव आणि फोन नंबर झाकून. त्यावरच बोलू.