नारायणगावात जेवायचे कुठे?

टोमॅटोच्या हंगामात आमचे अनेक व्यापारी बांधव नारायणगावच्या बाजारात उतरतात. क्रेट मोजून गाडी भरली की प्रश्न एकच, जेवायचे कुठे? गाव द्राक्षांचे. १९८० च्या दशकात येथे वाइनचा कारखाना निघाला आणि त्याच्या फेसाळ वाइनला चक्क उमर खय्यामचे नाव दिले गेले. ती कंपनी पुढे बुडाली. असो.

सकाळी मिसळ खावी, तिच्यात शंकेला जागा नाही. दुपारी मासवडी. नावावरून पुष्कळजण बिचकतात, पण तिच्यात मासा नसतो. शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापून, तीळ-खोबऱ्याचे सारण घालून वळतात. कापलेल्या वड्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आम्हाला ती मटणापेक्षा आवडली.

मटण खायचेच असेल तर "हलाल आहे का?" एवढ्यावर थांबू नये, मालक सवयीने हो म्हणतो. "बोकड कोणी कापला?" असे विचारावे. खेड्यांत हे काम पूर्वापार मुलाण्याचे. त्याचे नाव निघाले की मन निश्चिंत होते. एका ढाब्यावर आम्हाला उत्तरच मिळाले नाही. वर शेजारीच परमिट रूम. आम्ही पिठले-भाकरी खाऊन उठलो.

बाजाराच्या दारात कोणी स्वच्छ हलाल खाणावळ काढली तर हंगामात गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. मात्र हंगामानंतरच्या महिन्यांचे भाडे आधीच हिशोबात धरावे.