जीपगाडीचे मागचे कमानपाटे

आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या जुन्या जिप्सीला मागच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला. सामान भरल्यावर गाडी मागे बसे, ती बसेनाशी झाली. पण पुढच्याच पावसाळ्यात शेताकडच्या चढावर रिकामी गाडी अडली. पुढची चाके चिखलात घसरत होती आणि मागचे एक चाक खळग्यावर अधांतरी गरगरत होते. पाटे तर बळकट केलेले! मग चुकले कोठे?

स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते, हा हूकचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि ती १ सेंटिमीटर दबायला ३० किलोग्रॅम लागतात. म्हणजे ती १० सेंटिमीटर दबलेली असणार. ताठपणा दुप्पट केला, तर ५ सेंटिमीटरच. आता चाक खळग्यावर आले. स्प्रिंग उलगडून चाकाला खाली ढकलते. पण जितकी दबली होती तितकीच उलगडणार ना! ताठ स्प्रिंगचा जोर ५ सेंटिमीटरांतच सरतो आणि चाक जमीन सोडते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. अधांतरी चाक फिरवायला पीळ जवळजवळ लागतच नाही. म्हणून जमिनीवरच्या जोडीदारालाही तेवढाच, म्हणजे नगण्य, मिळतो.

हिसक्यांचेही तसेच. १० सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगवर गाडी मिनिटाला सुमारे ९५ वेळा डोलते; आपल्या चालण्याच्या लयीच्या जवळपास. ५ सेंटिमीटरला हाच आकडा १३४ होतो. पाठ कुरकुरते ती उगीच नव्हे.

मग मऊ स्प्रिंगच का घेऊ नये? प्रत्येकीवर आणखी १५० किलोग्रॅम चढवा. मऊ स्प्रिंग ५ सेंटिमीटर खाली बसेल. रिकाम्या गाडीत रबरी ठोकळ्यापर्यंत १२ सेंटिमीटर जागा असेल, तर उरली ७. मोठ्या धक्क्याला गाडी ठोकळ्यावर आदळणार. रोज भार वाहायचा असेल तर ताठ स्प्रिंगच हवी. वर्षातून चार वेळांसाठी ती घेणे मला पटत नाही. त्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. तो जरा सुटा असतो आणि भार आल्यावरच टेकून कामाला लागतो.

गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये तर फारच जपावे. ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सारे तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १३ ची तार घेतली, की तो सुमारे ३८ टक्क्यांनी वाढला! गाडी नुसती उंच हवी असेल, तर स्प्रिंगची मोकळी लांबी पाहावी. ताठपणा ही निराळी गोष्ट.

स्नेह्यांनी या खेपेला आधी टेप आणली. मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर रिकाम्या गाडीत मोजले, मग मागे तोललेली पोती चढवून पुन्हा मोजले, आणि ते आकडे घेऊनच गॅरेजात गेले.