दहा शेअरची मालकीण

कंपनीची वार्षिक सभा. ठराव वाचायचा, हात वर करायचे, चहाला निघायचं, अशी संचालकांची तयारी. तेवढ्यात एक बाई उठते आणि विचारते, अध्यक्षांना एवढा पगार मिळतो, तर ते दिवसभर करतात तरी काय? प्रश्न साधा, पण उत्तर कुणाकडेच नाही. त्या अवाढव्य कंपनीत बाईंचे शेअर आहेत फक्त दहा.

'द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक' हा १९५६ सालचा हॉलिवूडपट. मूळ नाटक जॉर्ज कॉफमन आणि हॉवर्ड टाइकमन यांचं, १९५३ साली ब्रॉडवेवर आलेलं. पडद्यावर दिग्दर्शक रिचर्ड क्वाइन आणि लॉरा पार्ट्रिजच्या भूमिकेत जुडी हॉलिडे. या बाईंचं तोंड बंद करायला संचालक त्यांना कंपनीतच नोकरी देतात: छोट्या भागधारकांशी पत्रव्यवहार. काम असं काही नाहीच, नुसती खुर्ची. लॉरा मात्र खरंच पत्रं लिहायला बसते. गावोगावच्या भागधारकांची घरची खुशाली विचारते, आणि माणसं मनापासून उत्तरं धाडतात. कंपनीचा संस्थापक मॅकीव्हर सरकारी पदासाठी वॉशिंग्टनला गेलेला; त्याचं आणि लॉराचं प्रेमही याच धामधुमीत जुळतं. निर्णायक सभेत त्या पत्रांची पुण्याई कामी येते. लोकांनी आपली मतं लॉराच्या नावे लिहून दिलेली असतात. त्या प्रॉक्सींच्या जोरावर लबाड संचालक मंडळ घरी जातं. प्रेमकथेचा निकाल एका छापील फॉर्मवर लागावा, याचं मला अजून नवल वाटतं. सगळा चित्रपट कृष्णधवल. रंग येतो तो शेवटी, सोन्याची कॅडिलॅक दिसते तेव्हा.

हे पाहताना मला महाड तालुक्यातली हिरकणीवाडी आठवते. रायगडाच्या पायथ्याची ही वस्ती. आज गडावर जाणाऱ्या रोपवेचं खालचं स्थानक इथेच आहे. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गवळण हिरकणी गडावर दूध घालायला गेली, सांज होताच दरवाजे बंद झाले, आणि घरच्या तान्ह्यासाठी ती अंधारात कडा उतरून गेली. आपण तिच्या मायेपाशी थांबतो. मला गोष्टीचा पुढचा भाग तितकाच मोलाचा वाटतो. जिथून कुणी चढू-उतरू शकणार नाही असं धरलं होतं, ती जागा एका दूधवालीने उघडी पाडली. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरूज बांधून घेतला. लॉराच्या संचालकांना एवढी अक्कल असती, तर चित्रपट पहिल्याच सभेत संपला असता.

लॉराची युक्ती भारतात चालेल का? जशीच्या तशी नाही. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ आणि त्याखालचे नियम सांगतात की एका माणसाला जास्तीत जास्त ५० भागधारकांची प्रॉक्सी घेता येते, आणि त्यांचे शेअर एकूण मताधिकाराच्या भांडवलाच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. शिवाय प्रॉक्सी म्हणून आलेल्याला सभेत बोलता येत नाही. पत्रांचा ढीग घेऊन आलेल्या लॉराला इथे गप्प बसावं लागलं असतं!

पण याच कायद्याच्या कलम १५१ मध्ये एक दरवाजा आहे, आणि फार थोड्यांना तो माहीत असतो. ज्याच्या शेअरांची दर्शनी किंमत २०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, तो 'छोटा भागधारक'. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत असे १,००० किंवा एकूण छोट्या भागधारकांपैकी एक दशांश, यांतले जे कमी असतील तेवढे एकत्र आले, तर ते संचालक मंडळावर आपला माणूस निवडून देण्याची मागणी करू शकतात.

आणि हिरकणी आज असती तर? गावच्या दूध सहकारी संस्थेची ती सभासद असती. तिथे हिशेब आणखी वेगळा. कंपनीत मत शेअरला, सहकारी संस्थेत मत माणसाला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने सभासदाला एकच मत दिलं आहे, मग भाग कितीही असोत. आणि ते स्वतः हजर राहूनच द्यायचं, प्रॉक्सी नाही.

तुमच्या नावावर पाच-दहा शेअर असतील, तर वार्षिक सभेची सूचना किमान २१ दिवस आधी तुमच्याकडे येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत घरबसल्या ऑनलाइन मत देता येतं, आणि त्यासाठी निदान तीन दिवस मिळतात. पुढची सूचना न वाचता पुसून टाकू नका. संचालकांचा पगार किती, तो आकडा शोधा, आणि मत द्या.