अंधार पडल्यावरची आंबोली

पावसाळ्यातल्या शनिवारी दाणोली सोडून घाट चढायला लागलं, की थोड्याच वेळात गाड्यांची रांग लागते. आंबोलीचा मोठा धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. गाडी बाजूला लावायची, पायऱ्या चढायच्या आणि पाण्याखाली उभं राहायचं, एवढं ते सोपं. कोल्हापूर, बेळगाव, गोव्याहून माणसं येतात, मनसोक्त भिजतात, भाजलेलं कणीस आणि कांदाभजी खातात आणि दिवेलागणीच्या आत घरची वाट धरतात. पाण्यात भिजण्याचं सुख खोटं नाही. पण एवढ्यावरच परतणाऱ्याला आंबोली जेमतेम निम्मी दिसलेली असते. खरी गंमत रात्री असते, आणि ती पाहायला मान वर नाही, खाली करावी लागते.

समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवरचं हे गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर बसलं आहे. समुद्रावरून येणारे ढग इथे डोंगराला अडतात आणि रिते होतात. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस, म्हणजे पुण्याच्या सुमारे दहापट, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कड्यावरून पश्चिमेला पडलेलं पाणी अरबी समुद्राला मिळतं. तिथून थोड्याच अंतरावर उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेची वाट धरते, आजऱ्यावरून पुढे घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते.

गावाभोवती जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी कातळ-पठारं, आहेत. उन्हाळ्यात हे सडे इतके उजाड दिसतात, की पाहणाऱ्याला ही निव्वळ पडीक जमीन वाटावी. पहिला जोराचा पाऊस झाला की दगडातल्या खळग्यांत पाणी साचतं. काही खळगे परातीएवढे, काही तर ओंजळीएवढे. त्या उथळ पाण्यात ‘आंबोली टोड’ नावाचा बेडूक अंडी घालतो. हा अंगठ्याएवढा टोड २००९ मध्ये नवी प्रजात म्हणून जगापुढे आला. कुशीवर पिवळे आणि गडद पट्टे असल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात वाघ घातला. टॉर्चच्या उजेडात तो दगडाच्या कडेला बसलेला दिसतो तेव्हा आधी जांभ्याचाच तुकडा वाटतो, मग घशाची हालचाल कळते आणि पाठोपाठ कुशीचा पिवळा रंग. पाऊस चार दिवस थांबला तर खळगा आटतो आणि पिल्लं मरतात. म्हणून त्याचा सगळा संसार घाईचा असतो. जगात हा प्राणी आंबोलीच्या परिसरातच सापडतो आणि तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. अशा दगडावरून गाडी फिरवणं म्हणजे काय, हे त्या खळग्यापाशी उकिडवं बसल्यावर आपोआप कळतं.

पाऊस मुरला की मलबारी उडता बेडूक दिसू लागतो. पोपटी अंग आणि बोटांमध्ये नारिंगी-लाल पडदे. झाडावरून झेप घेताना हे पडदे ताणले जातात आणि तो दहाएक मीटर तरंगत जातो. पाण्यावर ओणवलेल्या पानांवर मादी अंगातला स्राव पायांनी घुसळून फेसाचं घरटं करते. वरचा थर सुकतो, आत अंडी ओली राहतात आणि पिल्लं वेळ झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. गावातल्या पाण्याच्या टाकीवरही असे पांढरे गोळे लटकलेले दिसतात. बाजूच्या फांदीवर मलबारी चापडा वेटोळं घालून तासन्‌तास भक्ष्याची वाट पाहत असतो. हा साप विषारी आहे. लांबूनच पाहावा आणि फोटोसाठी काडीने डिवचू नये. मातीत देवगांडूळ असतं. नाव गांडुळाचं असलं तरी तो बेडकांचा पाय नसलेला भाऊबंद आहे. त्याची एक जात २००३ मध्ये आंबोलीतूनच नोंदवली गेली. २०१८ मध्ये एका पालीला आंबोलीचं नाव मिळालं. एवढ्याशा गावाच्या नावावर इतक्या प्रजाती आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्यामुळेच रविवारी सकाळी रस्ता पाहवत नाही. ओल्या डांबरावर बेडूक ऊब आणि किडे शोधत येतात, त्यांच्यामागे साप येतात आणि रात्रीच्या गाड्यांखाली दोघेही चिरडले जातात. गर्दी वाढते ती नेमकी या जिवांच्या विणीच्या दिवसांत. अंधार पडल्यावर गाडी मुक्कामाच्या जागी ठेवून चालत फिरलं, तर यातलं बरंच टळेल.

हिरण्यकेशीचा उगम गावापासून जवळ आहे. गुहेतून झरा बाहेर येतो, शेजारी महादेवाचं मंदिर आहे आणि पुढे कुंड. या कुंडात २०२० मध्ये सोनेरी छटेचा एक चिमुकला मासा नव्याने नोंदवला गेला. त्याचं शास्त्रीय नाव ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने मंदिर आणि कुंडासह इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटभर माशासाठी वारसास्थळ हा माझ्या मते आपल्या राज्याने घेतलेला फार शहाणा निर्णय आहे. कुंडाच्या वाहत्या, नितळ पाण्यात साबण, शाम्पू किंवा निर्माल्य जाऊ नये, एवढीच भाविकांकडून अपेक्षा आहे.

दिवस हाताशी असेल तर गेळे गावातल्या कावळेसादला जावं. दरीतून येणारा वारा तिथे धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. कठडा ओलांडू नये. नांगरतास धबधब्याची घळ अरुंद आहे आणि तिचा आवाज आधी ऐकू येतो, पाणी नंतर दिसतं.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीच्या, जमिनीच्या मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडला. जमिनीच्या हक्कासाठी झगडत आलेल्या गावाकडून सडा राखण्याची अपेक्षा करताना याची जाणीव ठेवायला हवी. तरीही रात्रीच्या भटकंतीला वाट दाखवणारी गावातलीच पोरं आहेत. कुठल्या खळग्यात अंडी आहेत आणि कुठे पाय ठेवायचा नाही, हे त्यांना पाठ असतं. त्यांना सोबत घ्यावं आणि त्यांच्या कष्टाचा मोबदला घासाघीस न करता द्यावा.

टोड पाहायचा तर जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच यावं. उडता बेडूक जुलैतही भेटतो. शक्य असेल तर मधल्या वारी यावं. सावंतवाडी शहरातून आंबोली तीसेक किलोमीटर आहे आणि एसटी थेट गावात सोडते. सोबत चांगला टॉर्च, घोट्यापर्यंतचे बूट आणि बदलायला कोरडे कपडे असावेत. पावसात छत्रीचा इथे काही उपयोग नाही.