कोळिष्टकं काढणारीची तसबीर

मैत्रिणींनो, एखादा जुना वाडा पाहायला गेलो की आपण काय पाहतो? दिवाणखाना, झुंबरं, मालकांच्या मोठमोठ्या तसबिरी. मुदपाकखान्यात कोण राबत होतं, एवढाले गालिचे कोण झटकत होतं, हे विचारायचं आपल्यालाही सुचत नाही. रोज तेच करणाऱ्या आपण, तरीसुद्धा!

म्हणून आज तुम्हाला एका वेगळ्याच घरी न्यायचं आहे. हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींचे लेक-सुना विलायतेत असतात, दोन-तीन महिने राहायला जाणं होतं. लंडन पाहून झालं की एक दिवस वेल्सची वाट धरा. उत्तर वेल्समध्ये रेक्सम गावाजवळ एर्दिग नावाची हवेली आहे. १६८४ च्या सुमारास ती बांधायला घेतली जोशुआ एडिसबरी नावाच्या गृहस्थांनी. अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, कर्जात बुडाले. मग लंडनच्या एका श्रीमंत वकिलानं घर घेतलं आणि १७३३ मध्ये त्याच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आलं. तेव्हापासून १९७३ पर्यंत ते यॉर्क घराण्यातच राहिलं.

हे लोक जरा जगावेगळेच. काही टाकायचं नाही आणि नोकरमाणसांना विसरायचं नाही, ही घरची रीत. १७९० नंतरच्या काही वर्षांत फिलिप यॉर्क यांनी चित्रकाराला बोलावून घरच्या सुताराची, लोहाराची, स्वयंपाकघरातल्या हरकाम्याची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्यं रचली. त्यांतच आहे जेन एब्रेल. वयाची ऐंशी उलटलेली, हातात झाडू. तिचं काम काय, तर कोळिष्टकं काढणं! पुढं कॅमेरा आला तशी नोकरांची छायाचित्रंही निघू लागली. १९१२ चा फोटो तर मुद्दाम पाहा. सगळी मंडळी आपापल्या कामाची हत्यारं हातात घेऊन उभी आहेत.

१९७७ मध्ये हे घर लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा पाहुण्यांनी मागच्या अंगणातून आत यावं असं ठरवलं गेलं. सुतारशाळा, तबेला, धुलाईघर, पावाची भट्टी, स्वयंपाकघर, आणि मग दिवाणखाना. स्वयंपाकघरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, वाया घालवू नका म्हणजे वाण पडणार नाही. आपल्या सासूबाई तरी दुसरं काय सांगत होत्या?

आता बागेकडे वळू या. पण त्याआधी घरावर काय संकट आलं ते ऐका. घराखालून कोळशाची खाण गेली. जमीन खचत गेली, घर सुमारे पाच फूट खाली बसलं, भिंतींना भेगा पडल्या, छतातून पाणी गळू लागलं. शेवटचे मालक फिलिप यॉर्क एकटेच राहत होते, घरात वीजसुद्धा नव्हती. बागेत रान माजलेलं आणि हिरवळीवर मेंढ्या चरत होत्या. १९७३ मध्ये त्यांनी घर, बाग, अठराविश्वे अडगळ, सारं नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केलं. कोळसा खात्याकडून नुकसानभरपाई मिळाली आणि डागडुजी सुरू झाली.

बाग पुन्हा उभी करायची तर ती पूर्वी कशी होती हे कळायला हवं. यॉर्कांनी काहीच टाकलेलं नव्हतं ते इथं कामी आलं. १७४० च्या सुमारास छापलेलं बागेचं एक चित्र होतं. त्यावरून सरळ रेघेत आखलेल्या वाटा, लांबलचक पाट, दुतर्फा लिंडेनची झाडं, सगळं पुन्हा मांडलं. विटांच्या भिंतींना टेकवून, फांद्या आडव्या बांधून वाढवलेली फळझाडं तर पाहत राहावीत. दिवसभर तापलेली वीट रात्री ऊब देते, म्हणून थंडीतही फळ धरतं आणि जागाही कमी लागते. सफरचंदाच्या तर शंभराहून जास्त जाती आहेत. बाल्कनीत जाळी लावून वेल चढवणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर निरखावं.

पण सगळंच गोड आहे असं समजू नका हं. एलन पेंकेथ नावाची स्वयंपाकीण इथं होती. घरची बिलं भागवण्याचे पैसे तिच्या हाती असत. १९०७ मध्ये बिलं थकलेली निघाली आणि मालकीणबाईंनी तिच्यावर पाचशे पौंडांच्या चोरीचा आळ घेतला. बिचारी तुरुंगात गेली. खटल्यात ती निर्दोष ठरली, पण मालकीणबाईंच्या लेखी चोर ती चोरच राहिली. १९१२ च्या त्या हसऱ्या फोटोत अर्थातच ती नाही. तसबीर लावणारं घरसुद्धा हिशेबाच्या वहीशी आलं की कसं बदलतं, पाहा. त्या भिंतीसमोर उभ्या राहाल तेव्हा तिचीही आठवण काढा.

जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. चालणं पुष्कळ आहे, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. पाऊस कधी येईल नेम नाही, छत्री हवीच. जुन्या कापडाचे रंग उडू नयेत म्हणून खोल्यांतून उजेड बेताचाच असतो, तेव्हा चष्मा विसरू नका. वसंतात फुलं, ऑक्टोबरात सफरचंदं, सवडीप्रमाणे वेळ निवडा.

आणि जाणं जमलं नाही, तरी एक गोष्ट घरबसल्या होईल. आपल्या आल्बममध्ये बारशाचे, मुंजीचे, लग्नाचे शेकडो फोटो असतात. त्यात आपली पोळ्यावाली, धुणंभांडी करणारी बाई कितींत आहे? यंदा दिवाळीला तिला मध्ये उभी करून एक फोटो काढा, मागं तिचं पूर्ण नाव लिहा, आणि एक प्रत तिला द्या. आणि हो, पूर्ण नाव माहीत नसेल, तर आजच विचारा.